सतरा मात्रांचा बर्फ

तिचं नाव आउस्मा.
तिच्या भाषेत याचा अर्थ पहाट,
हे कळल्यावर पोतनीस, म्हणजे आमचा एकुलता एक खर्ज,
बँकेतल्या सवयीने चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले,
"मग उषाच की."
तेव्हापासून सुरसागरच्या काठावरच्या या खोलीत
लॅटव्हियाची ती बहात्तर वर्षांची बाई
उषाताई झाली.

उषाताईंचं चरित्र आम्हाला
स्वरलिपीच्या मागच्या पानावर मिळालं, नऊ ओळींचं.
वडील लाकडाच्या वखारीत.
आई चर्चमधल्या ऑर्गनचा भाता हलवणारी,
चर्चला कुलूप लागल्यावर बीट सोलणारी.
पहिली रचना चार बायका आणि एका करवतीसाठी.
सरकारी माणसाने विचारलं, करवत कशाची?
ती म्हणाली, लाकडाची.
पुढे सात वर्षं तिचं काही वाजलं नाही.
गावच्या शाळेत ती पोरांना बासरी शिकवत होती.

मी या ओळीपाशीच अडते.
बाकीचं मग झालंच, देश मोकळा झाला,
घंटांची सिंफनी, मधमाश्यांवरची चौकडी,
बर्लिन, टोकियो, छातीवर बिल्ला.
पण मीही एकतीस वर्षं
तापलेल्या पत्र्याच्या वर्गात पोरांचा सा जुळवलाय.
सात वर्षांत सहामाही परीक्षा किती येतात
ते मला मोजावं लागत नाही.

ही रचना आणली फत्तेगंजच्या सलोमी क्रिश्चनने.
आम्हा अकरा जणांत ती लिपी
तिलाच झोपेतसुद्धा वाचता येते.
मधोमध सतरा मात्रा, शब्द नाहीत,
वर मुंगीच्या अक्षरात सूचना:
मार्चमध्ये नदीवरचा बर्फ फुटतो, तसं.

बडोदं. मे महिना. बेचाळीस अंश.
पंखा स्वतःचाच ताल चुकवत फिरतोय.
बर्फ आम्हाला ठाऊक नाही असं नाही.
गोळ्यावरचा, उसाच्या रसातला,
"आणि बाबांना ठेवलं होतं तो,"
विनता हळूच म्हणाली,
"दादाचं विमान येईपर्यंत."
कोणीतरी खुर्ची सरकवली.
पण नदीवरचा?
आमच्या विश्वामित्रीत मगरी असतात.

शेवटी एका रविवारी सकाळी सहाला
प्रतापनगरच्या बर्फाच्या कारखान्यात गेलो,
वह्या, पेन्सिली, सलोमीचा टेपरेकॉर्डर.
भीखुभाईने साच्यातून लादी काढली,
"एमां सांभळवानुं शुं?" म्हणत
वर बादलीभर पाणी ओतलं.

लादी आधी गप्प.
मग आतून, खूप आतून, तडा गेला,
काळोखात कोणी
गुडघ्यावर हात ठेवून उठावं तसा.
पोतनीसांनी डोळे मिटले.
"आपण वरच्या पट्टीत शोधत होतो," सलोमी म्हणाली,
"हा तर तळात आहे."
आमच्या चपला ओल्या झाल्या होत्या
आणि कोणाला निघायची घाई नव्हती.

त्यानंतर आम्ही गायलो.
जूनमध्ये, खिडक्या बंद करून,
तरी सात नंबरच्या मात्रेवर रिक्षाचा हॉर्न आलाच.
ध्वनिमुद्रण पाठवलं.
तीन आठवड्यांनी उषाताईंचं उत्तर आलं, हाताने लिहिलेलं,
अक्षरं तिच्या करवतीसारखी:

तुमचा बर्फ फार ऊबदार आहे. बदलू नका.
रिक्षाही राहू दे.
एवढंच सांगा, बाराव्या मात्रेवर
मध्येच तुटलेला तो श्वास कोणाचा?

आम्ही पुन्हा लावून ऐकलं.
नऊ. दहा. अकरा.
मग दहा जणांनी
विनताकडे न बघण्यासाठी
तळ्याकडे बघितलं.

पत्र लिहायचं काम माझ्याकडे असतं.
दोन कागद फाडले.
तिसऱ्यावर लिहिलं,
बर्फाचा.